न उडणारं मीठ

जावयाने प्रयोगशाळेत एक मीठ बनवलं. पाण्याचा थेंब न घालता तेलासारखं पातळ, आणि कितीही तापवा, वाफ होऊन उडायचं नाही. बॅटरीत घालायला बिनपाण्याचा द्रव शोधणाऱ्या कंपनीच्या साहेबांना ते पसंत पडलं, तर त्याची नोकरी पक्की होणार होती. म्हणून या दीडशहाण्याने बाटलीचं वजन लिहून ती आठवडाभर उघडी ठेवली आणि मिरवायला सासूबाईंनाही बोलावलं. त्याच्या डिग्रीवर सासरे भुलले होते, सासूबाई नव्हेत.

साहेबांसमोर बाटली पुन्हा वजनकाट्यावर ठेवली.

"बघा आई! कमी होणं सोडा, उलट वजन वाढलंय!" जावई टुणकन उडाला.

"जावईबापू, साहेबांच्या तोंडाकडे बघा आधी," सासूबाई पुटपुटल्या.

साहेब बॅग उचलून उठले.


"हवेतलं पाणी प्यायलंय ते. आणि पाणी आमच्या नळालाही येतं."