डावा पाय

चिता रचून झाली होती. जनूने शेवटचं लाकूड सारखं केलं आणि धोंडिबांच्या अंगावरची पांढरी चादर पायाकडून जरा सरकवली. तिथेच तो थांबला. डाव्या पायात पॉलिश केलेला काळा बूट होता. बुटाच्या वर, सरकलेल्या विजारीखाली, पोटरीच्या जागी ॲल्युमिनियमची नळी.

"ह्यो पाय काढाय लागंल," जनू म्हणाला. बदलापूरच्या या स्मशानात त्याची पंधरा वर्षं गेली होती. "फायबर लई काळा धूर करतंय. आन् नळी वितळून हाडांना चिकटते. उद्या अस्थी येचताना तुमालाच तरास."

"कुणी हात लावायचा नाही," धोंडिबांचा मुलगा राजेंद्र म्हणाला.

सकाळी घरी बाबांना कोट चढवल्यावर पायही त्यानेच लावला होता. कोटावर पदकं. राजेंद्र पन्नाशी ओलांडलेला, पण लहान पोरासारखा हुंदका दाबत होता. "एक पाय त्यांनी देशाला दिला. आता दुसराही काढून घ्यायचा? माझा बाप लढाईत जखमी झालेला सैनिक आहे. पूर्ण जाईल तो."

बौद्धाचार्य हात जोडून थांबले. मागची माणसं कुजबुजायला लागली. हरिचंद्रकाका, बाबांच्याच पलटणीतले, उल्हासनगरच्या कॅम्प चार वस्तीतून काठी टेकत आलेले, तेही मान खाली घालून उभे राहिले.

उमा पुढे झाली. "दादा, बाबा कधी पाय लावून झोपलेले आठवतात तुला?"

राजेंद्रने नकारार्थी मान हलवली.

"मग?" असं म्हणत ती पांढऱ्या साडीचा पदर खोचून गुडघ्यांवर बसली.

हे काम तिला कुणी शिकवायला नको होतं. ती सहा वर्षांची असल्यापासून, बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून सायकलवरून परतले, की ओट्यावर बसून पाय पुढे करायचे. तेव्हाचा पाय लाकडाचा होता, चामड्याच्या पट्ट्यांचा. "आधी बकल, मग मोजा, मग नाक दाबून धर," बाबा सांगायचे आणि स्वतःच हसायचे. चाळीतली पोरं त्या लाकडावर टकटक करायची. बाबा आतून बारीक आवाज काढायचे, "कोण आहे?" गुडघ्याखालचा लालसर झालेला भाग उमा खोबरेल तेलाने चोळायची. तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे. दुखतंय, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

तिने विजार वर सारली. पाय मांडीला घट्ट धरणारं रबरी कव्हर दोन्ही हातांनी खाली गुंडाळलं. पाय सहज सुटला.

"शाळेत तू काय सांगायचास, आठवतंय?" तिने मान वर न करता विचारलं.

राजेंद्रने नाक पुसलं. "रणगाडा पकडताना गेला म्हणून."

"आणि खरा कसा गेला?"

उत्तर हरिचंद्रकाकांनी दिलं. "युद्ध संपून नऊ दिवस झाले होते, राजू. आम्ही विहिरीवर पाणी आणायला चाललो होतो. मी पुढं होतो, हा मागं. याचा पाय सुरुंगावर पडला. दवाखान्यात मी रडतोय, तर हाच मला समजावतोय. म्हणतो, 'हरी, लढाई संपल्याचं त्या सुरुंगाला कुणी कळवलंच नव्हतं, त्याचा काय दोष?'"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. राजेंद्रही हसला. हसता हसताच त्याला हुंदका आला, आणि या वेळी त्याने तो दाबला नाही.

उमाने विजारीची मोकळी घडी नीट केली, चादर ओढून घेतली. बाबा आता रोज रात्री निजायचे तसे दिसत होते. तिने पाय उचलून भावाच्या हातात दिला. "धर. जमिनीवर ठेवू नकोस."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. हरिचंद्रकाकांनी काठी उमाकडे दिली, दोन्ही पायांवर सरळ उभे राहिले आणि सलाम केला. राजेंद्रने अग्नी दिला. धूर पांढरा निघाला आणि नदीकडे सरकत गेला.

फाटकाशी येताना हरिचंद्रकाका म्हणाले, "पोरी, पाय घरात ठेवा. फोटोखाली. आठवण राहील बापाची."

"बाबांची आठवण ठेवायला आम्ही आहोत की, काका," उमा म्हणाली. "दोनच वर्षं वापरलाय. वरची वाटी बाबांच्या मापाची आहे, ती दुसऱ्या कुणाला बसणार नाही. पण नळी आणि पाऊल चांगलं आहे. पुण्यात एक संस्था आहे, असे भाग घेऊन गरजूंना पाय बसवून देते."

काकांनी राजेंद्रकडे पाहिलं. त्याने पाय छातीशी धरला होता. त्याने रुमाल काढून बुटावरची राख पुसली.

"मी नेतो," तो म्हणाला. "परवाच जातो."

रिक्षा मिळाली. बहीणभाऊ मागे बसले. राजेंद्रने पाय मांडीवर आडवा घेतला, तसा बूट रिक्षाबाहेर आला. वळणावर कुठे लागू नये म्हणून त्याने तो हाताने आत धरला.

रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. शेवटी त्याला राहवेना.

"साहेब, कुणाचा हो पाय?"

"अजून ठरायचंय," राजेंद्र म्हणाला.