हाक कोणी मारायची

लॅपटॉपने सातव्यांदा हात वर केले, तशी बाबांच्या खोलीत फतकल मारून बसलेली बबडी आणखीच इरेला पेटली.

आई-बाबांच्या अबोल्याचा आज नववा दिवस. बाबा एका खोलीत, आई दुसऱ्या. फोनवर दोघांनी एकमेकांना ब्लॉक करून टाकलेलं. आईने तर रविवारचं मामाकडचं तिकीटही काढलं होतं, आणि जाताना 'कायमची' जाणार म्हणत होती. चाळीस वर्षांचा संसार डोळ्यांदेखत मोडताना बघून बबडीने समेटाचं काम अंगावर घेतलं होतं.

आईची अट होती, "काय बोलायचंय ते लिहून कळवू देत. पण कागदावर नको, त्यांचं अक्षर मला लागत नाही."

बाबाही काही कमी नव्हते. "फोन नको, आणि ते इंटरनेट तर माझ्या खोलीत नकोच नको."

मग उरलं काय? माळ्यावरचे दोन जुने लॅपटॉप आणि त्यांचं ब्लूटूथ. एकाने टाइप करायचं, ते अक्षर-अक्षर करत दुसऱ्याच्या पडद्यावर उमटायचं.

नोकरी गेल्यापासून गेले चार महिने बबडी दुपारपर्यंत पांघरुणातच असायची. आज मात्र सकाळी सातपासून या खोलीतून त्या खोलीत तिच्या चकरा चालल्या होत्या. केस विंचरायलाही सवड नव्हती.

दोन्ही लॅपटॉप एकमेकांना ओळखत होते, जोडी जमली होती, तरी एक अक्षर पलीकडे जाईल तर शपथ. तिने पोर्टची, म्हणजे अक्षरं ये-जा करायच्या वाटांची, यादी पुन्हा उघडली आणि कपाळावर हात मारला. दोन्हीकडे तिने 'येणारा' पोर्टच निवडला होता.

"बाबा, दोघंही नुसती वाट बघत बसलीयत! हाक कोणी मारायची?"

"मला काय कळतंय त्यातलं," बाबा चष्मा पुसत म्हणाले.

तिने बाबांकडे 'जाणारा' पोर्ट लावला, काहीबाही टाइप केलं आणि आईकडे धावली. अक्षरं आली होती, पण सगळी प्रश्नचिन्हं आणि चौकोन!

"शिव्या आहेत का या?" आईने डोळे बारीक केले.

"अगं, दोन्हीकडे मराठी अक्षरांची सेटिंगं वेगवेगळी आहेत. थांब जरा."

तिने ती सारखी केली, परत बाबांकडे पळाली आणि टाइप केलं, 'आई, दिसतंय का?'

"दिसतंय गं!" भिंतीपलीकडून आईचा आवाज आला.

बबडीने टुणकन उडी मारली, बाबांचे गाल ओढले आणि खदखदून हसली. आनंद नुसता पोटात मावेना.

"आता तुमचं तुम्ही बोला. मी मुळीच बघणार नाही."

मग तिला आठवलं, सकाळपासून आपण काही खाल्लेलंच नाही. स्वयंपाकघरातून ब्रेडचे चार तुकडे घेऊन ती निघाली. आईच्या खोलीचं दार उघडंच होतं. आईच्या डोळ्यांना झेपावीत म्हणून बबडीनेच अक्षरं एवढी मोठी केली होती की दारातूनही वाचता यावीत. न बघण्याचं वचन तिने जेमतेम तीन पावलं पाळलं.

'बबडी आज किती महिन्यांनी हसली,' बाबांची ओळ उमटली. 'आता मिटवायचं का?'

आईने पाठमोरं बसून एकेक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं, 'एवढ्यात नको. अजून आठवडाभर भांडू. उद्या तुम्ही तो पोर्ट परत बिघडवून ठेवा.'