पिवळ्या शेडची तक्रार

“ही एकदा लावली की जन्माची कटकट मिटली,” असं म्हणून अध्यक्षाने आयव्हीच्या वेलीचं रोप विनफ्रीड टॉयबरच्या हातात ठेवलं. “बारा महिने हिरवी. हिम पडो नाहीतर ऊन, पान गळत नाही. तुझी ती शेड आता कुणाच्या नजरेला पडायची नाही.” जर्मनीतल्या लाइपझिगच्या रेल्वेरुळांमागे लोकांनी भाड्याने घेतलेल्या छोट्या बागांच्या वसाहतीची ती वार्षिक सभा होती. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळी टॉयबरच्या शेजारच्या कूनर्टबाईंची होती. टॉयबरचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

शेड कुरूप आहे हे त्यालाही मान्य होतं. जुनी दारं, गंजके पत्रे आणि ट्रामच्या डेपोतून आणलेला उरलासुरला पिवळा रंग यांतून त्याने ती स्वतःच उभी केली होती. तिची पाठ नेमकी कूनर्टबाईंच्या बागेकडे. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई तिथेच टेबल मांडून कॉफी प्यायच्या आणि दर वसंतात सभेत उभ्या राहून सांगायच्या, की त्या पिवळ्या भिंतीपायी आपली कॉफी नासते. मग टॉयबर शिडी घेऊन त्यांच्या बागेत जायचा, कारण ती बाजू झाकायची तर तिकडूनच झाकावी लागे. विलोच्या फांद्यांचा तट्टा उभा करायचा, त्यावर घेवड्याचे आणि स्वीट पीचे वेल चढवायचे, पुढे सूर्यफुलं लावायची. बाई खुर्चीतून ‘जरा डावीकडे, जरा उजवीकडे’ करत राहायच्या. मधेच रुबार्बचा केक यायचा. तट्टा तिरका बसला तर टॉयबर तो मुद्दाम तसाच ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला निमित्त. उन्हाळाभर भिंत फुलांनी झाकलेली असायची. हिवाळ्यात सगळं मरायचं आणि वसंतात शेड पुन्हा उघडीनागडी. त्या दिवसाची वाट बघत टॉयबर हिवाळा काढायचा.

कारण सांगायला नको. त्याचा बाईंवर जीव जडला होता. पण वसाहतीत अध्यक्षापासून कालच बाग घेतलेल्या जोडप्यापर्यंत सगळ्यांचं एकमेकांशी अरे-तुरे असताना या दोघांचं अजून अहो-जाहोच होतं. तिथली रीत अशी, की ‘तू’ म्हणायला सुरुवात बाईने करायची. पुरुषाने केली तर तो आगाऊ ठरतो. टॉयबर आगाऊ नव्हता. वर्षानुवर्षं शिडीवर उभा राहून तो त्या एका अक्षराची वाट बघत होता, आणि आता अध्यक्षाने शिडीच काढून घेतली होती.

आयव्ही लावायला अर्धी सकाळही लागली नाही. केक ओव्हनमध्येच होता, तोवर काम संपलं. हात धुताना टॉयबरला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

पण थोड्याच दिवसांत आयव्ही वाळली. अध्यक्ष येऊन वाळकी पानं चुरगळून बघून गेला. आयव्ही मरत नसते, मारावी लागते, असं तो टॉयबरकडे रोखून बघत म्हणाला. टॉयबरने शपथ घेतली, आणि ती खरी होती. आपल्या मनातलं त्या वेलीला कळलं असावं, असंच त्याला वाटलं. कूनर्टबाईंनी तर खड्डाच उथळ खणला म्हणून त्याला चारचौघांत झापलं. अध्यक्षाने दुसरं रोप आणलं. हे कबरस्तानाच्या भिंतीवरचं, दांडगं. बघता बघता ते तरारलं आणि भिंतीवर चढायला लागलं. तेव्हा टॉयबरने ठरवलं, की आळ आलाच आहे तर पापही करून घ्यावं.

रविवारी दुपारी जेवणानंतर वसाहतीत शांततेची वेळ असते. गवत कापायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. सगळे खुर्च्यांत पेंगत होते. टॉयबरने बटाटे उकडलेलं पाणी कढत कढतच पातेल्यात घेतलं. ते मुळांवर ओतलं की हट्टी तणही जळतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खडीवर आवाज होऊ नये म्हणून त्याने बूट काढले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस नुसत्या मोज्यांनिशी, वाफाळतं पातेलं सांभाळत, कुंपणाचं दार ढकलून शेजारच्या बागेत शिरला. त्याला हसू काही केल्या आवरत नव्हतं.

शेडच्या कोपऱ्यावर वळला आणि जागीच थबकला. आयव्हीच्या बुडाशी कूनर्टबाई वाकल्या होत्या. अंगात एप्रन, पायांत नुसते मोजे, हातात पातेलं. पातेल्यातून वाफ येत होती.

पळायची सोय नव्हती आणि ओरडायची तर नव्हतीच. बाई कानांपर्यंत लाल झाल्या होत्या.

“कूनर्टबाई, तुम्ही?” टॉयबर कसाबसा कुजबुजला.

बाईंनी त्याच्या पातेल्यात डोकावून बघितलं. मग यात मीठ घातलंय का, असं शाळेतल्या आवाजात, पण अगदी हळू विचारलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं.

“बिनमिठाच्या पाण्याने काय डोंबल होणार, विनफ्रीड? मागच्या वेळी मी मूठभर घातलं होतं. थांब तू इथंच, मी आणते.”