मुलाकडच्या गाड्या

“गाड्या बघू की, पावणं,” बाळासो कपबशी खाली ठेवत म्हणाले, आणि विजयसिंहच्या घशात चिवडा अडकला.

शिरोळची मंडळी मुलाचं घर बघायला आली होती. एरवी घर बघायला चार-पाच माणसं येतात. ही दोन जीपा भरून आली होती. निम्मी आत कोंबून बसली, निम्मी बाहेर जीपांपाशीच थांबली; त्यांत लिंबू-अंगाऱ्याची पिशवी घेतलेला एक म्हाताराही होता. मुलीचे वडील बाळासो पंख्याखाली बसूनही घाम पुसत होते. मुलीची आत्या चिमणाबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

सगळा घोळ आण्णामामाचा. लग्न जमवायच्या भरात त्यानं शिरोळात ठोकून दिलं होतं, “भाचा उद्यमनगरात ड्राफ्ट्समन हाय. आन् घरात परदेशी गाड्यांचा ताफा हाय, पन्नास सालच्या पुढच्या. राजालोकास्नी बी मिळायच्या न्हाईत असल्या.” यातला एक शब्द खोटा नव्हता. फक्त गाड्या तळहाताएवढ्या होत्या, तेवढं सांगायचं मामा सोयीस्कर विसरला.

मुलीला, राजनंदिनीला, मात्र विजयसिंहनं पहिल्याच भेटीत सगळं खरं सांगून टाकलं होतं. ती पदर तोंडात कोंबून इतकी हसली की गडी जागच्या जागी खुळा झाला. आठवडाभर त्याचे पाय जमिनीवर नव्हते. परवा तर पंपाच्या ड्रॉइंगला त्यानं माशाची शेपटी काढली आणि साहेबांच्या शिव्या हसत हसत खाल्ल्या. लग्न करीन तर हिच्याशीच, हे त्याचं ठरलं होतं. पण तिनं घरी काय सांगितलं, कोण जाणे. दोन जीपा भरून माणसं काही खेळणी बघायला येत नाहीत.

“गाड्या व्हय?” मामा पटकन म्हणाला. “गॅरेजला गेल्यात की.”

“सगळ्या?”

“सगळ्या. एकदम.”

बाळासोंचा चेहरा पडला. चिमणाबाईनं कपाळाला हात लावला. “आता गं बया,” ती पुटपुटली.

गप्प बसावं, असं विजयसिंहला वाटलं. एकदा अक्षता पडल्या की पुढचं पुढं. पण ते हसू आठवलं आणि त्याला राहवेना. तो उठला आणि त्यानं कोपऱ्यातलं लोखंडी कपाट सताड उघडलं.

आत गाड्या ओळीनं झळकत होत्या. कुणाला माशासारखी शेपटी, कुणाला काचेचा घुमट, कुणाचा पुढचा भाग नुसता चांदीच्या दातांचा. त्यानं सगळ्यात लाडकी निळी गाडी उचलून बाळासोंच्या हातावर ठेवली.

“ह्याच माझ्या गाड्या. खरी गाडी चौपन्न साली अमेरिकेत प्रदर्शनासाठी एकच केलती, ती रस्त्यावर कधी आलीच न्हाई. हे तिचं मॉडेल. ह्येच्यापेक्षा मोठं म्हणाल, तर माझी सायकल हाय.”

मामा चपला शोधायला लागला. बाळासोंनी गाडी उलटी केली, बोटानं चाक फिरवलं. मग कपाटात मानेपर्यंत डोकं घातलं.

“सगळ्या ह्यातच मावत्यात?”

“व्हय.”

“भाईर कुठं न्हाईत?”

“न्हाईत.”

बाळासोंचे खांदे गदगदा हलायला लागले. संपलं सगळं, असं म्हणून विजयसिंहनं डोळे मिटले. उघडले तेव्हा बाळासो निळी गाडी डोक्यावर धरून दारात उभे होते आणि हसता हसता जीपांकडं बघून ओरडत होते, “पोरगी खरंच बोलत हुती रं. पावण्याच्या सगळ्या गाड्या कपाटात मावत्यात. तिला झपाटलेलं न्हाय. त्या देवरुष्याला घरला सोडा, आन् येताना भटजीला घिऊन या.”