पहिल्या क्रमांकाचं गाणं

नवरा गेल्यापासून गंगाबाईंना सोबतीला रेडिओच उरला होता. तंजावूरच्या त्या घरात डिसेंबरची शेवटची दुपार कलत होती. रेडिओवरची निवेदिका वर्षभर गाजलेली गाणी उलट्या क्रमानं लावत होती. सगळी तमिळ सिनेमांतली. गंगाबाई पेल्यातली फिल्टर कापी पीत ऐकत होत्या.

"आता पहिला क्रमांक," निवेदिका म्हणाली. "यंदा तुम्ही सर्वांत जास्त मागितलेलं गाणं."

वाद्यं वाजलीच नाहीत. एक बाई मराठीत गुणगुणू लागली. मागे कुकरची शिट्टी झाली.

गंगाबाईंनी कापीचा पेला खाली ठेवला. तो त्यांचाच आवाज होता. नवरा गेल्यावर, रिकाम्या घरात एकटीपुरता भात लावताना, ते गाणं त्यांनीच जुळवलं होतं. कुणासमोर कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांची लेक संगीता कोइमतूरला हाच कार्यक्रम ऐकत होती.

"अम्मा, हे तूच गातेस ना? आणि तुझ्याबरोबर कोण आहे?"

तेव्हा कुठे गंगाबाईंनी नीट कान दिला. त्यांच्या आवाजाला लागून आणखी एक आवाज गात होता. संथ, खालच्या पट्टीतला. त्याला शब्द न् शब्द पाठ होता.

"तुझे अप्पा असतील गं," त्या आशेनं म्हणाल्या.

"नाही अम्मा. अप्पांचा आवाज मी ओळखते."

ओळखत तर त्याही होत्या. फोन कानाशी धरूनच त्या उठल्या आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

त्यांचा आवाज थांबला. दुसऱ्या आवाजानं घरातूनच ओळ पुरी केली.