उद्या सांग

समुपदेशक दीनाबाई साळवे वारून वर्ष झालं, तरी मिशनच्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या बालसुरक्षा-खोलीचं यंत्र त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच मायेनं मुलांशी बोलत होतं. मोठ्यांना तो आवाज ऐकायला मनाई होती; सख्ख्या मुलीलाही. म्हणून यंत्र बंद करण्याचा अर्ज घेऊन शलोमी आली होती.

खोलीतून एक चिमुरडी डोळे पुसत बाहेर आली.

“काय म्हणाली गं माझी आई?”

“आतलं बाहेर सांगायचं नसतं. पण दीना आंटी घाईच करत नाहीत. शेवटी मी त्रास देणाऱ्या त्या सरांचं नाव सांगितलंच. तुमच्याशी तर घरी रोज बोलत असायच्या ना!”

घरी आई दमून यायची आणि ‘उद्या सांग’ म्हणून कूस बदलायची.

शलोमीनं अर्ज फाडला. पोरीच्या डोक्यावरून फिरवायला मात्र तिचा हात उठेना.