बंद इंजिनाचे बारा व्होल्ट

तिसरा बोर्डही गेला. नदीनने चिपवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला.

“या वेळी मी फ्यूज घातला होता,” तिचे वडील रोलँड म्हणाले. “चांगल्यातला.”

“फ्यूज शाबूत आहे, बाबा. त्याला वाचवायला चिप जळून गेली.”

“भला जीव होता म्हणायचा.”

घरामागच्या टेकडीपलीकडे, मेपलच्या झाडांत ही पत्र्याची खोली. पाक करायला झाडांचा गोड रस नळ्यांमधून ओढणारा पंप इथे होता. पंप बंद पडला की रस थांबतो, आणि मार्चमधला रस कुणासाठी खोळंबत नाही. म्हणून एकाहत्तराव्या वर्षीही रोलँड सकाळ-संध्याकाळ टेकडी ओलांडून पंप बघायला यायचे. जमीन गोठलेली असेपर्यंत ट्रॅक्टर चालायचा, चिखल झाला की पायी. आज ट्रॅक्टर आला होता, पण चिखल आठवड्यावर आलेला. पंपाचं इंजिन चालू आहे की नाही, एवढंच हा बोर्ड ओळखणार होता आणि फोनवर कळवणार होता. तो टिकला असता तर बाबांचा चढ वाचला असता. ते एकटे त्या चढावर असतात या विचाराने नदीनला शहरात झोप लागत नसे.

“उगाच जिवाला घोर लावून घेतेस,” रोलँड म्हणाले. “मागच्याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासलंय. हृदय तरण्याताठ्यासारखं आहे म्हणाले.”

नदीनने मीटर इंजिनाच्या बॅटरीला लावला. बारा व्होल्ट आणि वर थोडे. तिने पानगळीत मोजले होते तेवढेच. चिपच्या धातूच्या पायाला फार तर तीनच्या जरा वर सोसतात, म्हणून दोन रेझिस्टर लावून तिने बाराचे तीन केले होते. हिशेब चोख होता. मग चूक कुठे?

“बाबा, इंजिन सुरू करा बघू.”

इंजिन धडधडलं. मीटरवरचा आकडा तेरा झाला, चौदा झाला आणि साडेचौदाला जाऊन बसला. नदीनने कपाळावर हात मारला.

“गाढव आहे मी.”

“ते मला ठाऊक होतं. आज काय निमित्त?”

“अहो, मी इंजिन बंद असताना मोजलं होतं! निवांत बसलेली बॅटरी बाराच दाखवणार. कामाला लागल्यावर काय होतं ते बघितलंच नाही. वर इंजिन चालू-बंद होताना झटके बसतात ते वेगळेच.”

तिने नवा बोर्ड काढला. आधीच्यापेक्षा मोठे रेझिस्टर लावले आणि चिपच्या पायाशी काचेचा एक बारीक डायोड डाग देऊन बसवला.

“हा कोण पाहुणा?”

“दारावरचा माणूस. तीनच्या वर जे येईल ते बाजूच्या दाराने बाहेर काढणार, आत येऊ देणार नाही. आणि मोठे रेझिस्टर कशाला, तर त्याच्या अंगावर एकदम गर्दी येऊ नये म्हणून.”

रोलँडनी इंजिन बंद केलं, सुरू केलं, पुन्हा बंद केलं. बोर्डवरचा हिरवा दिवा एकदाही विझला नाही. त्यांच्या खिशात फोन दर वेळी गुणगुणला. ते खूश होऊन हसले, खाली पडलेला पाना उचलायला वाकले आणि उभं राहताना दाराची चौकट धरून थांबले. बराच वेळ थांबले.

नदीन बघत राहिली.

“बाबा, डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“काय करणार? खुर्चीत बसलो होतो.”

बोलून गेल्यावर त्यांची नजर तिच्या हातातल्या मीटरवर गेली. त्यांनी पाना पुसायला घेतला.

“आणि चढ चढताना?”

“ते त्यांनी विचारलं नाही.” पाना पुसून झाला होता, तरी ते पुसत राहिले. “वळणावर बसावं लागतं गं जरा. हल्ली दोनदा.”

नदीनला ओरडावंसं वाटलं, पण ती ओरडली नाही. मीटरच्या तारा गुंडाळून तिने तो पिशवीत टाकला.

“सोमवारी परत डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर.”

“चल बाई. चौथ्या मजल्यावर आहे दवाखाना, पण लिफ्ट आहे.”

“लिफ्ट नको,” नदीन म्हणाली. “या वेळी जिन्याने जाऊ.”